पहाटे अडणारा व्हॉल्व: अ‍ॅक्च्युएटर तिसऱ्यांदा बदलण्याआधी हे बघा

"तुमचा व्हॉल्व पण थंडीनं काकडतोय बघा," असं आमचे पॅनमन मामा, म्हणजे पॅनवर साखर शिजवणारे, म्हणाले तेव्हा मी चिडलो होतो. डिसेंबर महिना, पहाटेचे साडेपाच, रात्रपाळी संपायला अजून वेळ, आणि दोन नंबर पॅनचा (साखर शिजवायच्या भांड्याचा) व्हेपर, म्हणजे वाफेचा, व्हॉल्व त्या महिन्यात कितव्यांदा तरी अर्ध्यावर अडलेला. पॅन सोडायची वेळ झालेली, व्हेपर बंद होत नाही, आत साखर नळ्यांना लागायची भीती. शेवटी अ‍ॅक्च्युएटरच्या, म्हणजे हवेच्या जोरावर व्हॉल्व फिरवणाऱ्या डब्याच्या, डोक्यावर पाना लावून दोघांनी तो फिरवला. सकाळी नऊला मी कागदपत्रं करून परत गेलो तर तोच व्हॉल्व चार सेकंदांत उघडतोय, चार सेकंदांत मिटतोय. जणू रात्री काही झालंच नाही.

मी चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. निपाणी, संकेश्वर, हुक्केरी, अथणी, रायबाग, या पट्ट्यात गळीत हंगामात जो कुणी हवेवर चालणाऱ्या व्हॉल्वची देखभाल करतो त्याला ही तक्रार ओळखीची असणार. दिवसा ठीक, पहाटे आजारी. दुरुस्त केला की आठ-दहा दिवस बरा, मग पुन्हा तेच. मामांचं वाक्य मी तेव्हा चेष्टेवारी नेलं. पुढे कळलं की सगळ्या कारखान्यात निदान फक्त त्यांनीच बरोबर केलं होतं.

आधी आम्ही काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. व्हॉल्व ३०० मिलिमीटरचा बटरफ्लाय (पाइपात फिरणाऱ्या तबकडीचा), वर रॅक-पिनियनचा (दात्यांच्या पट्टीनं चाक फिरवणारा) डबल अ‍ॅक्टिंग अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे उघडायला आणि मिटायला दोन्हीकडे हवा लागणारा, त्याच्या अंगावरच बसवलेला ५/२ सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर हवा या किंवा त्या बाजूला सोडणारा छोटा व्हॉल्व. पहिल्यांदा अडला तेव्हा कॉईल बदलली. दुसऱ्यांदा सील किट टाकलं. तिसऱ्यांदा स्टोअरमधून आख्खा नवीन अ‍ॅक्च्युएटर काढून बसवला आणि जुना भंगारात न टाकता, नशिबानं, बाकड्याखाली सरकवून ठेवला. नऊ दिवसांनी नवीनही अडला.

आता कबुली. सील किट टाकताना मी अ‍ॅक्च्युएटर उघडला तेव्हा आतल्या ग्रीसचं ताक झालं होतं. पांढरट, पातळ, चमचाभर पाणी सुटलेलं. मी काय केलं? चिंधीनं स्वच्छ पुसलं, नवीन ग्रीस लावलं, नवीन ओ-रिंगा बसवल्या आणि झाकण लावलं. चोराच्या पावलांचे ठसे पुसून मग चोर शोधायला निघालो. ओ-रिंगा जुन्या होत्या खऱ्या, पण फाटलेल्या नव्हत्या. पिस्टनच्या भिंतीवर चरे नव्हते. ज्या वस्तूत बिघाड नाही ती बदलली तर बिघाड जाणार कुठे?

आधी चार संशयित वेगळे करा

व्हॉल्व हलत नाही म्हटल्यावर दोष चारपैकी एका ठिकाणी असतो: येणारी हवा, सोलेनॉइड, अ‍ॅक्च्युएटर, किंवा खालचा खुद्द व्हॉल्व. आपल्याकडे सवय अशी की जे दिसतं आणि ज्याचं स्पेअर आहे ते आधी बदलायचं. त्यापेक्षा दहा मिनिटं तिथे उभं राहून बघणं बरं. पण जिथे नळी काढायची किंवा पाना लावायचा आहे, तिथे आधी हवेचा आयसोलेशन कॉक बंद, अडकलेली हवा सोडून दिलेली आणि पॅनेलवर टॅग लावलेला, हे झाल्याशिवाय हात घालू नका. बटरफ्लायची डिस्क बोटांना ओळखत नाही.

माझी पहिली नजर आता हवेचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या गेजवर असते, आणि ती व्हॉल्व थांबलेला असताना नाही, हलत असताना. थांबलेल्या अवस्थेत गेज सहा किलो दाखवणारच. (आमच्याकडे दाबाला बार कुणी म्हणत नाही, किलोच म्हणतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो, फरक दोन टक्क्यांचा, कामापुरतं एकच.) कमांड द्या आणि काटा बघा. काटा तीनवर कोसळून हळूहळू वर चढत असेल तर हवा पुरी पडत नाही: फिल्टर तुंबलाय, नळी बारीक आहे, किंवा लाइनमध्ये पाणी साचलंय. काटा जागचा हललाच नाही आणि शाफ्टही हलला नाही, तर हवा अ‍ॅक्च्युएटरपर्यंत निघालीच नाही, किंवा गेली पण समोरच्या बाजूची बाहेर पडेना, किंवा खाली व्हॉल्वच घट्ट बसलाय.

मग सोलेनॉइडचं मॅन्युअल ओव्हरराइड. छोटा स्क्रू ड्रायव्हर लावून ते बटण दाबा किंवा फिरवा. व्हॉल्व झटक्यात चालला तर दोष विजेच्या बाजूला आहे: कॉईल, वायर, टर्मिनल, पॅनेलचं आउटपुट. नाही चालला तर मल्टिमीटर खिशात ठेवा, त्याचं काम संपलं.

तिसरी गोष्ट म्हणजे सायलेन्सर, त्याबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण आपल्या भागातला तो खास रोग आहे. चौथी, पिस्टनचं सील पास होतंय का ते बघणं. एका बाजूला हवा भरलेली ठेवून समोरच्या पोर्टची नळी काढा. पोर्टमधून थोडी हवा सुटून थांबली तर सील चांगलं. सतत फुसफुसत राहिली तर हवा पिस्टनला वळसा घालून पलीकडे जातेय आणि ताकद वाया चाललीय. हे करताना व्हॉल्व हलू शकतो हे लक्षात ठेवून प्रोसेसवाल्यांना आधी सांगा, नाहीतर क्लॅरिफायर (रस निवळायची टाकी) किंवा पॅनवर भलताच घोळ व्हायचा.

शेवटी राहिला व्हॉल्व. लाइन पूर्ण थंड, मोकळी आणि आयसोलेट असेल तरच अ‍ॅक्च्युएटर वर उचलून दोघांना स्वतंत्र फिरवून बघा. अ‍ॅक्च्युएटर मोकळा फिरला आणि व्हॉल्वचा स्टेम पान्यालाही दाद देईना, तर सील किट मागवण्यात अर्थ नाही.

त्या डिसेंबरात मी हे सगळं क्रमानं केलं नव्हतं. एका पहाटे नुसतं गेजकडे बघत बसलो आणि काटा सहावरून अडीचवर पडताना पाहिला. तेव्हा अ‍ॅक्च्युएटरच्या आधीची नळी काढायला लावली. माझ्याबरोबर गोकाककडचा एक पोरगा हेल्पर होता. त्यानं नळीचं तोंड बादलीकडे धरलं, मी कॉक जरासा उघडला, आणि तो ओरडलाच, "अण्णा, नीर बंत्री!" आठ मिलिमीटरच्या नळीतून हवा नाही, पाण्याची धार आली. गंजाच्या रंगाची, चहासारखी.

पाणी आलं कुठून

कॉम्प्रेसर पाणी तयार करत नाही, हवेतलंच गोळा करतो. हिशेब साधा आहे. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ७० टक्के धरली तर २१ ग्रॅम झाली. कॉम्प्रेसर तासाला १०० घनमीटर हवा ओढत असेल तर त्याबरोबर दोन लिटरहून थोडं जास्त पाणी आत येतं. ती हवा सात किलोला दाबली की तिचं आकारमान साधारण आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे साडेबारा घनमीटर. आणि गंमत अशी की वाफ किती मावणार हे जागेवर आणि तापमानावर ठरतं, दाबावर नाही. साडेबारा घनमीटरात ३० अंशाला पावणेचारशे ग्रॅमच मावणार. बाकीचं, तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास, आफ्टरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि रिसीव्हरमध्ये (हवा साठवायच्या टाकीत) पाणी होऊन पडतं. ते ऑटो ड्रेननं बाहेर टाकायचं असतं.

पुढचा भाग पहाटेचा. आमची हवेची लाइन कॉम्प्रेसर रूममधून निघून मोकळ्या अंगणातल्या पाइप रॅकवरून बॉयलिंग हाऊसकडे, म्हणजे जिथे पॅन आहेत तिकडे, जाते. दिवसा तिच्यावर ऊन असतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे पारा १५ अंशांवर किंवा त्याखाली येतो. १५ अंशाला घनमीटरमागे तेराएक ग्रॅमच मावतात. म्हणजे रिसीव्हरमधून नीट निघालेल्या त्याच हवेतून वाटेतच आणखी दोनशे ग्रॅम पाणी सुटतं. दर तासाला एक फुलपात्र भरून. रात्री बारापासून पहाटे सहापर्यंत सहा फुलपात्रं लाइनच्या सगळ्यात खोलगट जागी जमा, आणि ती जागा नेमकी दोन नंबर पॅनच्या आधी, जिथे पाइप एका बीमखालून वाकवून नेलाय. ऊन चढलं की पाइप गरम होतो, थोडं पाणी परत वाफ होऊन पुढे निघून जातं, आणि व्हॉल्व "आपोआप बरा" होतो. थंडीनं काकडतोय म्हणतात ते हेच.

हे सगळं थांबवायला ड्रायर असतो. रेफ्रिजरेशन ड्रायर हवा तीनएक अंशापर्यंत थंड करून पाणी आधीच काढून घेतो. इन्स्ट्रुमेंट एअरचा नियमच असा आहे की लाइनच्या दाबाखाली दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतून पाणी सुटायला लागतं तो) हा त्या जागेच्या सगळ्यात कमी तापमानाच्या किमान दहा अंश खाली हवा. आपल्या हवेला तीन अंश म्हणजे काठावर, पण चालून जातं. उणे चाळीसचा डेसिकंट (ओल शोषणाऱ्या दाण्यांचा) ड्रायर इथे घ्यायची गरज बहुतेक ठिकाणी नाही, कुणी गळ्यात मारत असेल तर विचार करून घ्या.

आमच्याकडे ड्रायर होता. चालूही होता. पॅनेलवर हिरवा दिवा लागलेला. मी ड्रायरच्या आधीची आणि नंतरची हवा पांढऱ्या कपड्यावर सोडून बघितली, दोन्हीकडे सारखाच ओला डाग. मग पाइप हातानं चाचपत मागे गेलो तर भिंतीलगतचा बायपास व्हॉल्व अर्धा उघडा. कधी तरी मागच्या कुठल्या हंगामात ड्रायर गरम होऊन ट्रिप व्हायचा, म्हणून कुणीतरी बायपास उघडून वेळ मारून नेली असणार. नंतर ड्रायर सुरू झाला, बायपास तसाच राहिला. हँडलवर बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीचा एवढा थर होता की तो उघडा आहे की बंद ते हात फिरवल्याशिवाय कळेना. आणि ट्रिप होण्याचं मूळ कारण? कंडेन्सरच्या पंख्यामागची जाळी भुशानं लिंपलेली. ती धुवायला आम्हाला अर्धा तास लागला.

रिसीव्हरचा ऑटो ड्रेनही बंदच होता. फ्लोटवाला, गंजाच्या चिखलात अडकलेला. त्यामुळे रिसीव्हरमध्ये पाणी तळाच्या आउटलेटपर्यंत चढून हवेबरोबर निघत होतं. टायमरवाला ड्रेन बसवला तरी आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारच्या हातकॉकनं खात्री करा. टायमर टिकटिकतो म्हणजे पाणी जातंय असं नाही.

पाइपिंगमध्ये दोन गोष्टी केल्या आणि त्यांनीच सगळ्यात जास्त फरक पडला. हेडरवरून अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारे टॅपिंग खालून काढलेले होते, ते वरून काढून हंसाच्या मानेसारखे वळवून खाली आणले. पाणी हेडरच्या तळाशी वाहतं. टॅपिंग खालून असेल तर ते सरळ व्हॉल्वच्या पोटात. आणि त्या बीमखालच्या खोलगट जागी दोन फुटी ड्रिप लेग (पाणी साचायला खाली सोडलेला पाइपचा तुकडा) आणि कॉक बसवला. नवीन लाइन टाकत असाल तर शंभर फुटाला एक फूट उतार ड्रेनकडे द्या, आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप टाळता आला तर टाळा. ओल्या हवेत जीआय आतून सुटतो आणि तोच चहाच्या रंगाचा गाळ सोलेनॉइडच्या पायलट छिद्रात जाऊन बसतो.

सायलेन्सर: आपल्या भागातला रोग

सोलेनॉइडच्या एक्झॉस्टला ते पितळी शंकूसारखं बसवलेलं असतं ना, छिद्राछिद्रांचं, ते. बॉयलिंग हाऊसमध्ये बगॅसची बारीक धूळ, रसाची वाफ, आणि सल्फर स्टेशन जवळ असेल तर सल्फर डायऑक्साइड, हे तिन्ही एकत्र आले की महिन्याभरात सायलेन्सरवर काळा चिकट पापुद्रा बसतो. एका बाजूनं हवा आत जाते, पण दुसऱ्या बाजूची बाहेर पडत नाही, आणि पिस्टन दोन हवांच्या मध्ये अडखळत सरकतो. लक्षण: व्हॉल्व अडत नाही, पण म्हातारा होतो. चार सेकंदांचे बारा होतात. प्रोसेसवाले म्हणतात "हळू झालाय", आणि आपण दाब वाढवतो. दाब वाढवून तुंबलेलं गटार मोकळं होतं का?

खात्री करायची तर तोंड बाजूला ठेवून सायलेन्सर दोन आटे सैल करा. व्हॉल्व सुसाट पळाला तर निदान झालं. काढून डिझेलमध्ये भिजवून उलट बाजूनं हवा मारा, किंवा सरळ बदला. एवढ्याशा वस्तूवर वाद घालण्यात अर्थ नाही. सायलेन्सर काढून भोक उघडं मात्र ठेवू नका. मी एकदा ठेवलं होतं. कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आत.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे बगॅसऐवजी वाळू आणि बेन्टोनाइट, बाकी कहाणी तीच. तो सायलेन्सरऐवजी एक्झॉस्टला फूटभर नळी लावून तिचं तोंड खाली, स्वच्छ कोपऱ्यात नेतो. सोपं आणि चांगलं आहे, फक्त नळी बारीक घेऊ नका.

जिथे दोष खरंच व्हॉल्वमध्ये असतो

साठ ब्रिक्सच्या (शंभरात साठ भाग साखरेच्या) सिरपची गळती ग्लॅन्डमधून, म्हणजे स्टेमभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून, एकदा सुरू झाली आणि लाइन रात्रभर थांबली, की सकाळी स्टेमभोवती चिक्की तयार. अ‍ॅक्च्युएटरनं कितीही जोर लावला तरी सुरुवातीचा तो एक झटका त्याला झेपत नाही. गरम पाण्याची बादली ओता, दोन मिनिटं थांबा, मग कमांड द्या. ग्लॅन्ड गळते म्हणून बोल्ट आवळत जाण्याचा मोह होतो, पण तेवढाच जोर अ‍ॅक्च्युएटरला रोज जास्त लावावा लागतो. पॅकिंग बदलणं हाच उपाय.

सल्फिटेशनजवळचा (रसात सल्फर डायऑक्साइड सोडतात तिथला) चुन्याच्या पाण्याचा व्हॉल्व हे वेगळंच प्रकरण. तिथे चुना सीटवर खडूसारखा बसतो आणि व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, उघडा की बंद ते पॅनेलला कळवणारा लिमिट स्विच मात्र "मिटला" सांगतो, कारण कॅम कुणीतरी जागेवर नसताना सेट केलेला. रसाचा पीएच वरखाली नाचायला लागला की आधी पोझिशनरला (व्हॉल्व हवा तेवढाच उघडा ठेवणाऱ्या यंत्राला) दोष देण्यापेक्षा व्हॉल्व रोज एकदा पाण्यानं धुतला जातो का ते विचारा. आम्ही पाळी बदलताना धुतो.

आणि ताकदीचं गणित एकदा मनात बसवून ठेवा. रॅक-पिनियन डबल अ‍ॅक्टिंगमध्ये टॉर्क दाबाच्या थेट प्रमाणात असतो. सहा किलोला ३०० न्यूटन मीटर देणारा अ‍ॅक्च्युएटर चार किलोला २०० च देणार. आधीच काठावर निवडलेला असेल तर संध्याकाळी सगळी मशिनरी एकदम हवा ओढते तेव्हा तोच पहिला दमतो. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, तिथे कॉम्प्रेसरला मुळातच हवा आठ-नऊ टक्के विरळ मिळते. कॅटलॉगमधला आकडा बघून कॉम्प्रेसर नेमका मोजून घेणाऱ्यांनी हे धरावं.

स्प्रिंग रिटर्न असेल तर

हवा गेली की स्वतः मिटणारे अ‍ॅक्च्युएटर आपण सुरक्षिततेसाठी बसवतो, पण त्यांची एक खोड कमी लोकांना ठाऊक असते. हवा आत जाताना स्प्रिंगच्या खोलीतली हवा बाहेर पडते, आणि स्प्रिंग परत येताना तीच खोली बाहेरची हवा आत ओढते. बाहेरची म्हणजे कुठली? आपल्या बॉयलिंग हाऊसची, दमट, गंधकाची. दोन पावसाळ्यांत स्प्रिंगा तांबूस होतात आणि एखादी आत तुटते. बाहेरून काही दिसत नाही, फक्त शेवटचे पाच-दहा अंश मिटत नाही. बाहेर सोडलेली आतलीच स्वच्छ हवा परत स्प्रिंगच्या खोलीत फिरवणारे सोलेनॉइड मिळतात, खराब वातावरणात तेच घ्या. निदान त्या पोर्टला बारीक फिल्टर तरी लावा.

असा अ‍ॅक्च्युएटर उघडताना झाकणाचे चारही बोल्ट आळीपाळीनं, थोडे थोडे सोडायचे. स्प्रिंगा बहुतेक वेळा आधीच दाबून बसवलेल्या असतात, पण बहुतेक वेळा म्हणजे नेहमी नाही. झाकणासमोर उभं राहायचं नाही. एवढं वाचून कंटाळा आला असेल तर हे एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

कॉईल जळते ती उगाच नाही

२३० व्होल्ट एसी कॉईल पुन्हा पुन्हा जळत असेल तर कॉईलवाल्याला शिव्या देऊ नका. आतला प्लंजर गाळात अडकून पूर्ण वर ओढला गेला नाही की एसी कॉईल सतत जास्त करंट ओढते, गुणगुणते आणि शिजते. २४ व्होल्ट डीसीत असं होत नाही. म्हणजे कॉईल जळणं हे पुन्हा घाण हवेचंच लक्षण. पायलटवाल्या (लाइनच्याच हवेच्या जोरावर सरकणाऱ्या) सोलेनॉइडला सरकायला किमान दोनएक किलो दाब लागतो, तेवढाही नसेल तर कॉईल बरोबर असून तो ढिम्म.

टेफ्लॉन टेपचे तुकडे हा आपल्याच हातचा गाळ. फिटिंगचे पुढचे दोन आटे मोकळे सोडून टेप गुंडाळा. पोझिशनरच्या नोझलमधून मी स्वतः पांढरे दोरे चिमट्यानं काढलेत, आणि ते कुणी टाकले होते हे मला नक्की ठाऊक होतं. पोझिशनर असलेल्या लाइनला फिल्टर पाच मायक्रॉनचा ठेवा, चाळीसचा साध्या ऑन-ऑफला ठीक. आणि पोझिशनरच्या आधी ल्युब्रिकेटर (हवेत तेल मिसळणारा) कधीच नको. तेलानं त्याची बारीक छिद्रं चोंदतात. अ‍ॅक्च्युएटरला मात्र एकदा तेलाची हवा द्यायला सुरुवात केलीत की मूळ ग्रीस धुऊन जातं, मग ती मध्येच थांबवू नका.

ऑफ सीझन

मार्चमध्ये गळीत संपलं की आम्ही हे सगळे व्हॉल्व जसे होते तसे सोडून द्यायचो. मग जून ते सप्टेंबर आपला पाऊस, खानापूरकडे तर विचारूच नका. ऑक्टोबरमध्ये ट्रायल घेताना निम्मे अडलेले. आता सगळ्या रिकाम्या पोर्टांना प्लग, लिमिट स्विच बॉक्सच्या केबल ग्लॅन्डचं तोंड खाली, आणि पंधरा दिवसांतून एकदा छोट्या कॉम्प्रेसरवर प्रत्येक व्हॉल्व पूर्ण उघडून मिटवतो. सील एका जागी चिकटून बसत नाहीत. दोन माणसांचा अर्धा दिवस जातो. कुणी विचारलं की पावसात काय करता, तर हे करतो.

दोन नंबर पॅनचं सांगायचं राहिलं. बायपास बंद करून त्याला साखळी-कुलूप घातलं, ड्रायरची जाळी दर सोमवारी धुतो, आणि बाकड्याखाली सरकवलेला जुना अ‍ॅक्च्युएटर स्वच्छ करून परत बसवला. त्याच्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. पहाटे साडेपाचला हेल्परनं बीमखालचा ड्रिप लेग उघडायचा आणि किती पाणी आलं ते वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्यात बादलीचा तळ भरायचा. दहाव्या दिवसापासून नुसती सुसाट कोरडी हवा. पॅनमन मामांची तक्रार आता वेगळी आहे: ड्रेनच्या त्या आवाजानं त्यांची पहाटेची डुलकी मोडते.